वाचून दाखवलेली पत्रं

गावात त्या दोघींना नावाने कुणी हाक मारत नसे. थोरली आणि धाकटी, बस्स. दोन सख्ख्या भावांच्या बायका, एका चुलीवर तीस वर्षं काढलेल्या. सख्ख्या बहिणींचं जमत नाही एवढं या जावांचं जमतं, असं लोक म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. एक आजारी पडली तर दुसरी दोन्ही वाटणीचं काम ओढायची आणि त्याची वाच्यता करायची नाही.

गाव होतं डोंगराच्या अगदी खांद्यावर, सव्वीस घरांचं. मोटाररस्त्याला लागायचं तर आधी तासभर चढून खिंड गाठायची आणि मग पलीकडच्या अंगाने चार तास उतरायचं. वर्षातले चार महिने खिंड बर्फाने बुजलेली. तेवढे दिवस आजार असो, बाळंतपण असो, जे काय व्हायचं ते गावातच. आता काहींकडे फोन आले होते, पण त्यांना खिंडीवर नेल्याशिवाय जीव येत नसे. शेतं पायऱ्यांची. प्रत्येक पायरीला दगडी बांध, मातीचुन्याशिवाय नुसता दगडावर दगड बसवलेला. बर्फ वितळलं की कुठला ना कुठला बांध पोट फुगवून खाली यायचा. मग दगड वर चढवायचे, आणि त्यांच्यामागून घसरलेली मातीही टोपल्यांनी पाठीवरून वर आणायची. "खालचे लोक शेत करतात, आपण शेत उचलून वर ठेवतो," असं थोरलीचा सासरा म्हणायचा. पिकायचा बटाटा आणि थोडे जव. अवकाळी गोठलेलं दहिवर पडलं की तेही काळे पडायचे.

अशा अकरा पायऱ्या या घराच्या वाट्याला होत्या.

धाकटी लग्न होऊन आली आणि दुसऱ्याच वर्षी तिचा नवरा दरड अंगावर येऊन गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरी भावांनी चार दिवस ठेवून घेतलं आणि पाचव्या दिवशी वहिनीने पोहोचवायला माणूस शोधला. ती परत आली ती कायमची.

त्याच्या पुढच्या वर्षी थोरलीच्या नवऱ्याचं आणि सासऱ्याचं वाजलं. त्याच्या हातात सुतारकी होती. दगड वाहण्यात जन्म घालवायचा नाही, खाली लाकडाच्या वखारीत काम आहे, मी जाणार, असं तो म्हणाला. सासरा म्हणाला, "गेलास तर या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवू नकोस." दोघंही एकाच मातीचे. एकाने शब्द टाकला, दुसऱ्याने उचलला. निघताना नवरा थोरलीला गोठ्यामागे एवढंच म्हणाला, "खोली मिळाली की कळवतो. तू ये." तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती.

पत्रं यायची. खिंड उघडी असली की खेचरवाला पंधरा दिवसांनी एकदा मिठाची, रॉकेलची खेप घेऊन वर यायचा, तोच टपालही आणायचा. घरात वाचता येणारी एकटी धाकटी. तिचं माहेर खालचं, सातवीपर्यंत शिकलेली. संध्याकाळी चुलीपाशी बसून ती पत्र वाचायची आणि थोरली बटाटे सोलत ऐकायची.

"बरा आहे म्हणतात. काम आहे. एका खोलीत सहा गडी राहतात, बाईमाणसाला जागा नाही. एवढं वर्ष थांब म्हणतात."

"आणखी काय?"

"तब्येतीला जप म्हणतात."

थोरली उत्तर सांगायची. शब्द जुळवायला तिला वेळ लागायचा. "लिही, जागा नसली तरी चालेल. आडोशाला राहीन. दोन भांडी घेऊन येते." धाकटी लिहायची, लिहिलेलं वाचून दाखवायची, पाकीट चिकटवायची.

तीन वर्षांत अकरा पत्रं आली. अकरावं वाचताना धाकटी मध्येच थांबली आणि म्हणाली, "ताई, जरा खाली बस." मग खालच्या आवाजात तिने सांगितलं, की त्याने तिकडे दुसरं घर केलंय आणि वाट बघू नकोस असं लिहिलंय. थोरली रडली नाही. उठून गोठ्यात गेली आणि शेणखताची टोपली भरायला लागली. पुढचे आठ दिवस धाकटीने तिला काही म्हणजे काही करू दिलं नाही. पाणी आणलं, गुरं पाहिली, सासूचं केलं, आणि झोपताना थोरलीच्या पाठीवरून हात फिरवत बसली. "तू होतीस म्हणून मी तरले," हे वाक्य थोरलीने नंतरच्या काळात किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही. दर वेळी धाकटी मान खाली घालायची. थोरलीला वाटायचं, कौतुकाने लाजते.

सासरा त्याआधीच गेला होता, मागून सासूही गेली. दोघी उरल्या. अकरा पायऱ्या, दोन गाई, एक म्हातारं खेचर. दोघींचे केस पिकले.

मग शाळेवर नवी बाई आली. तरुण, बडबडी, थंडीने गारठलेली. पहिल्या हिवाळ्यात शेतं बर्फाखाली गेल्यावर तिने जाहीर केलं, की दुपारी दोन ते चार शाळेची शेगडी पेटलेली असते, ज्या बायकांना लिहायला शिकायचं असेल त्यांनी यावं. निम्म्या बायका शेगडीसाठी गेल्या. थोरली मात्र खरंच शिकायला गेली. त्याला कारण होतं. मागच्या पेरणीला धाकटी तापाने पडली होती, आणि बियाण्याच्या बटाट्याला लावायची पूड म्हणून थोरलीने भलत्याच पुडीतली पूड लावली. खड्डाभर बियाणं मोडासकट जळालं. पुडीवर सगळं छापलेलं होतं, आणि तिला ती नुसती मुंग्यांची रांग दिसली होती. ते तिला फार लागलं होतं.

"आता या वयात पाटी घेऊन बसणार?" धाकटी हसली. "मी आहे ना वाचायला."

"तू काय जन्माला पुरणार आहेस?" थोरलीही हसली.

सुरुवातीला धाकटी रोज विचारायची, आज काय शिकवलं. थोरली राखेत बोटाने अक्षर काढून दाखवायची. जोडाक्षरं सुरू झाली तसं धाकटीचं विचारणं कमी झालं. दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी एकदा ट्रंक आवरताना धाकटी सहज म्हणाली, "ती जुनी पत्रं उंदरांनी कुरतडलीत. चुलीत घालू का?" थोरलीला वाटलं, मला त्रास होऊ नये म्हणून म्हणते. "राहू दे," ती म्हणाली. "कुठे खायला मागतात?"

त्या बोलण्याने पत्रं तिच्या मनात येऊन बसली. त्याचं अक्षर कसं होतं ते तरी बघावं, एवढंच तिला वाटत होतं. एका दुपारी ती पुडकं शालीखाली घेऊन शाळेत गेली. बाकीच्या बायका लवकर उठून गेल्या होत्या. बाई टेबलाशी मुलांच्या वह्या तपासत होती. थोरलीने शेगडीजवळ बसून वरचं पाकीट उघडलं. हाताने लिहिलेलं वाचणं छापील वाचण्यासारखं सोपं नव्हतं. एकेक अक्षर उकलत, ओठ हलवत ती पुढे सरकत होती. दुसऱ्या ओळीपाशी ती अडली.

"बाई, जरा बघता? इथे 'खोली मिळाली' लिहिलंय की 'मिळाली नाही'?"

बाईने वाकून पाहिलं. "मिळाली. 'नाही' कुठे आहे मावशी?"

थोरलीने पुन्हा पाहिलं. मग पुढच्या ओळीत शोधलं, त्याच्या पुढच्या ओळीत शोधलं. कुठेतरी एक 'नाही' असायला हवा होता. तो पानभर नव्हता.

खोली मिळाली. दोन खिडक्या आहेत. एकीतून नदी दिसते. बटाटे काढून झाले की ये.

तिने दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. चार वाजून गेले तरी ती उठली नाही, आणि बाईनेही तिला उठवलं नाही, शेगडीत दोन लाकडं वाढवली. तिसऱ्या पत्रात होतं, तू येत का नाहीस. पाचव्यात होतं, धाकटीलाही घेऊन ये, इथे शिवणाच्या दुकानात बायकांना काम मिळतं. सातव्यात होतं, बर्फ गेल्यावर पहिल्या बाजारादिवशी मी खिंडीखालच्या चहाच्या टपरीपाशी थांबतो, खेचरवाल्याबरोबर ये, मी तीन दिवस थांबेन. आठव्यात होतं, थांबलो. दहाव्यात होतं, तुझं उत्तर मिळालं. तुला तिथली माती सोडायची नाही, पुन्हा बोलावू नका असं लिहिलंस. ठीक आहे. अकरावं सगळ्यांत लहान होतं. दोन वर्षं वाट पाहिली, आता मी इथे घर करतोय, तुझ्यावर राग नाही, असं काहीतरी. शेवटच्या ओळीवर शाई पसरली होती.

तो तीन दिवस थांबला ते साल तिला लख्ख आठवत होतं. त्या वर्षी तिसऱ्या पायरीचा बांध कोसळला होता. ती आणि धाकटी चार दिवस दगड चढवत होत्या. दुसऱ्या दिवशी तिची नखं फुटली, तेव्हा धाकटीने आपला पदर फाडून तिच्या बोटांना पट्ट्या बांधल्या होत्या. आणि त्या वेळी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, पाच तासांवर, तो टपरीशी बसून होता. धाकटीला ते माहीत होतं. माहीत असताना ती पट्ट्या बांधत होती.

घरी आली तेव्हा धाकटी कोठीच्या खोलीत बियाण्याचे बटाटे निवडत होती. सडके एकीकडे, डोळे फुटलेले दुसरीकडे. थोरली तिच्यासमोर पाटावर बसली.

"आता मी वाचते," ती म्हणाली. "तू ऐक."

आणि तिने वाचलं. अडखळत, एखादं अक्षर चुकवून, मागे जाऊन पुन्हा. अकराच्या अकरा. धाकटीचे हात थांबले नाहीत, पण सडका बटाटा कुठल्या ढिगात जातो याकडे तिचं लक्ष नव्हतं.

"मला ठाऊक होतं," धाकटी म्हणाली. "तू पाटी हातात घेतलीस त्याच दिवशी."

"मग आधीच का नाही सांगितलंस?"

"काय म्हणून सांगू?"

"का केलंस ते सांग."

धाकटीने हातातला बटाटा खाली ठेवला. "तू गेली असतीस तर माझं काय झालं असतं? सासू अंथरुणावर. माहेरची दारं बंद. अकरा पायऱ्या, नवरा नाही, पोर नाही. एक बांध पडला असता आणि मी त्याच्याखाली बसून राहिले असते. मी बावीस वर्षांची होते, ताई."

"त्याने तुलाही बोलावलं होतं. पाचव्यात लिहिलंय."

"लिहायला काय जातं? दोन महिन्यांत मी त्या दोन खिडक्यांच्या खोलीत अडगळ झाले असते."

"मला विचारायचं होतंस. मी तुला टाकून गेले नसते."

"नसतीस गेली?"

पंचवीस वर्षांची ती, नवऱ्याने बोलावलेली, दोन खिडक्या, नदी. खरं उत्तर तिलाही सापडेना. मग ती म्हणाली, "ते मला ठरवायचं होतं. ते तू ठरवलंस. आणि माझ्या तोंडी तुझे शब्द घालून पाठवलेस. केसाने गळा कापलास धाकटे, आणि वर माझ्या पाठीवरून हात फिरवलास."

धाकटी रडली नाही. रडली असती तर थोरलीला सोपं गेलं असतं.

"तो हात खोटा नव्हता," ती म्हणाली आणि पुन्हा बटाटे निवडायला लागली.

उरलेला हिवाळा त्या दोघींनी एकाच छपराखाली कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. बर्फात माणूस जाणार कुठे? चूल एक, उजेड एक, बोलणं कामापुरतं. गाईला वैरण घातली का. दार लाव. थोरलीला धाकटीचं श्वास घेणंसुद्धा टोचायचं. रोजचं काहीही आठवलं तरी त्याचा रंग उडालेला असायचा. धाकटीने आजारपणात केलेली सेवा, हसून सांगितलेल्या गोष्टी, उन्हाळ्यात दोघींनी बांधावर बसून घेतलेला वारा, सगळं उलटं करून पाहावं लागत होतं. तीस वर्षं पुन्हा एकदा जगून काढावी लागत होती, आणि दुसऱ्यांदा ती फार महागात पडत होती.

खिंड उघडली तशी ती खेचरवाल्याबरोबर निघाली. कुठे जातेस हे धाकटीने विचारलं नाही. फक्त उंबऱ्यावर उकडलेले बटाटे बांधलेलं फडकं ठेवलं होतं. थोरलीने ते ओलांडलं.

खेचरवाला तिच्या नवऱ्याच्या बरोबरीचा. आता गुडघ्यांनी जेरीला आलेला, तरी जनावरांच्या मागून चालायचा. खिंड ओलांडून उतार लागला तेव्हा त्याने विचारलं, "वहिनी, कामाला निघालात की कुणाकडे?"

"वखारीत."

"तेव्हा नाही गेलात," तो म्हणाला. "आता निघालात."

"तेव्हा म्हणजे कधी?"

"तो तीन दिवस टपरीवर बसला होता ना. मीच निरोप घेऊन आलो होतो की वर. तुम्ही शेतात होतात. दारात धाकट्या वहिनी होत्या. त्या म्हणाल्या, ताईंना हे नको आहे, पुन्हा हा विषय त्यांच्यापुढे काढू नका, फार त्रास होतो त्यांना." त्याने खेचराला आडवाटेवरून वळवलं. "मी काढला नाही. मला वाटलं, ताठ आहेत वहिनी. खरं सांगतो, तेव्हापासून मनात तुमच्याबद्दल जरा अढीच होती."

थोरली चालत राहिली. म्हणजे सव्वीस वर्षं हा माणूस पंधरा दिवसांनी दारात मीठ उतरवत होता आणि तिला ताठ समजत होता. आणखी किती जण समजत असतील? दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर ती एवढी वर्षं वावरत आली होती, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

वखार शोधायला त्रास पडला नाही. मागच्या गल्लीत ओसरीवर एक पांढऱ्या केसांचा माणूस दाराच्या चौकटीवर रंधा मारत होता. डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. तिने त्याला ओळखलं ते खांद्याच्या झुकावावरून. त्याने तिला ओळखलं नाही.

"मी वरून आले," ती म्हणाली. आवाज ऐकल्यावर त्याचा रंधा थांबला.

आतून एक रुंद बांध्याची बाई बाहेर आली. दोघांकडे पाहिलं, काय ते समजली, आणि स्टूल आणून ठेवलं. "बसा," ती म्हणाली. "तुमच्याबद्दल सांगितलंय त्यांनी. मी काही त्यांना तुमच्यापासून हिरावलं नाही. तुम्हीच येत नाही म्हणालात." मग चहा ठेवायला आत गेली. तिच्या बोलण्यात भांडण नव्हतं, आणि थोरलीकडेही तिच्यासाठी भांडण नव्हतं.

थोरलीने सगळं सांगितलं. वाढवलं नाही, कमी केलं नाही. तो चौकटीवरचा भुसा बोटाने गोळा करत ऐकत होता.

"'मला इथली माती सोडायची नाही, पुन्हा बोलावू नका,'" तो म्हणाला. "मला पाठ आहे ते."

"मी सांगितलं होतं, आडोशाला राहीन म्हणून लिही."

त्याने डोळे मिटून घेतले. "तीन दिवस थांबलो मी खिंडीखाली. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत."

"खाली थांबलात," थोरली म्हणाली. "वर का नाही आलात?"

"बाबांनी उंबरा बंद केला होता."

"बाबा त्यानंतरच्याच हिवाळ्यात गेले. तुम्हाला कळवलं होतं. ते तरी पत्र पोहोचलं का?"

त्याने रंधा उचलून बाजूला ठेवला.

"पोहोचलं होतं ना?"

"पोहोचलं होतं," तो म्हणाला. "पण तू नको म्हणाली होतीस. मला राग आला. वाटलं, एवढं बोलावतोय तर..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"बायको आठ वर्षं संसार करते, एका शब्दाने कधी उलटून बोलत नाही, आणि कागदावर अचानक दुसऱ्याच आवाजात बोलते. तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की जाऊन तिच्या तोंडून ऐकावं? पाच तासांची वाट आहे. मी आज चालत आले. माझं वय बघा."

चहा आला. थोरलीने तो संपवला, कारण त्या बाईने मन लावून केला होता. खोली उघड्या दारातून दिसत होती. दोन खिडक्या होत्याच. एकीसमोर आता नवी इमारत उभी होती, त्यामुळे नदी दिसत नव्हती. मुलाच्या लग्नाचा फोटो भिंतीवर होता.

"आजचा दिवस राहा," तो म्हणाला.

"खेचरवाला उद्या सकाळी निघतो. त्याच्या बहिणीकडे सोय केलीय माझी," ती म्हणाली आणि उठली. तो गल्लीच्या तोंडापर्यंत आला. तिथून पुढे यावं की नाही हे त्याला ठरवता आलं नाही. तिने मागे वळून पाहिलं तेव्हा तो तिथेच, अर्ध्या वाटेवर उभा होता. तेव्हा तिला कळलं, की एवढे दिवस ती सगळा राग एकाच माणसावर खर्च करत होती, आणि त्यातला थोडा इकडचा होता. एकीने फसवलं होतं. दुसऱ्याने फसणं सोयीचं म्हणून पत्करलं होतं.

गावात परतल्यावर तिने धाकटीला सांगितलं, "चूल वेगळी."

पायऱ्या वाटल्या. खालच्या सहा धाकटीला, कारण तिचे गुडघे गेले होते. वरच्या पाच थोरलीने घेतल्या. गोठ्याच्या टोकाला आडभिंत घालून तिने तिथे चूल मांडली. गाय एकेक. खेचराला कोण वाटून घेणार, ते दोघींकडे चरायचं.

गावाला चघळायला विषय मिळाला. एवढं जमणाऱ्या जावा अशा कशाने तुटल्या? कुणी म्हणालं पायऱ्यांवरून, कुणी म्हणालं उतारवयाची चिडचिड. खेचरवाल्याच्या बायकोकडून एवढंच फुटलं, की थोरली खाली नवऱ्याला भेटून आली. मग सगळ्यांनी दोनाला दोन जोडले. या वयात नवरा आठवला, त्याने दारात उभं केलं नाही, आता त्याचा राग त्या गरीब धाकटीवर काढते. पाणवठ्यावर बायका धाकटीशी जरा जास्तच गोड बोलू लागल्या. कुणी तिच्या घरी जळण टाकून जाई. धाकटी कुणाचं बोलणं खोडत नसे आणि दुजोराही देत नसे.

पत्रं उकलताना जवळ होती म्हणून गावात फक्त शाळेतल्या बाईला खरं माहीत होतं. एक दिवस न राहवून ती म्हणाली, "मावशी, तुम्ही सांगून का टाकत नाही? लोक तुम्हालाच नावं ठेवतात."

थोरली हातातल्या वर्तमानपत्राची घडी घालत होती. "सांगितलं तर तिला वाळीत टाकतील. तिचा बांध पडला तर उचलायला कुणी जाणार नाही. एकट्या बाईचं इथे काय होतं ते मी पाहिलंय."

"म्हणजे तुम्ही तिला माफ केलं."

"नाही," थोरली म्हणाली. "तेच तर. माफ केलं असतं तर बरं झालं असतं. तिच्यासाठी गप्प बसायचं, आणि लोकांचं ऐकायचं मी. अजूनही तिचीच सोय बघते माझं मन. सवय लागलीय मेल्याला."

उन्हाळा संपता संपता तीन दिवस संततधार लागली आणि धाकटीच्या दोन पायऱ्यांचे बांध एकदम खाली आले. बटाटे काढणीला आलेले, पाला दगडांखाली चेंगरलेला. अशा वेळी गावातल्या प्रत्येक घरातून एक माणूस जायचं, ही त्या डोंगराची गरजच होती. सकाळी पंचवीस घरांची पंचवीस माणसं जमली. थोडं मागून सव्विसावी थोरली आली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती कुणाशी न बोलता रांगेत उभी राहिली. रांग खालून वर लागलेली, दगड हातोहात सरकायचा. तिची जागा आली ती नेमकी धाकटीच्या खालची.

दिवसभर दगड तिच्या हातातून धाकटीच्या हातात जात राहिले. दुपारनंतर धाकटीला दगड पेलेनासे झाले. थोरलीने ते पाहिलं आणि मोठे दगड धाकटीला वगळून तिच्या वरच्या माणसाकडे द्यायला सुरुवात केली.

संध्याकाळी लोक हात धुऊन धाकटीच्या अंगणात जेवायला बसले. थोरली टोपली उचलून वरच्या वाटेला लागली होती.

"ताई," धाकटीने मागून हाक मारली. कितीतरी महिन्यांनी. "चार घास खाऊन जा."

थोरली थांबली, पण वळली नाही. "तू त्या पत्रांना उत्तरं लिहायचीस," ती म्हणाली, "ती मला वाचून दाखवायचीस तेव्हा माझे शब्द जसेच्या तसे म्हणायचीस. एक शब्द इकडचा तिकडे नाही. कागदावर दुसरंच असताना. ते कसं जमायचं तुला?"

धाकटी ताट हातात घेऊन उभी होती. अंगणातली माणसं आपापल्या जेवणात होती.

"तू बोलायचीस ते मला पाठ व्हायचं," ती म्हणाली. "अजून पाठ आहे. सगळं."

थोरलीने मान हलवली. ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ. मग ती चढायला लागली, मधे एका बांधापाशी दम खायला टेकली, आणि अंधार पडायच्या आत घरी पोहोचून तिने स्वतःपुरते बटाटे उकडत ठेवले.